बाराव्या बटणावर काही नाही

नरपड
३ सप्टेंबर २०१७

चि. हिरकणी,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

मयूरीचा लॅपटॉप तुझ्या जावयाकरवी, भावेशकरवी मिळाला. सोबत तुझा निरोपही मिळाला, की आजारी माणसाला कॉम्प्युटर कशाला हवा म्हणून. हा प्रश्न तू मुलीला सांगितलास, मुलीने भावेशला, भावेशने मला. माझा फोन उचलायचा नसेल तर उचलू नकोस. तेहतीस वर्षं डहाणूच्या एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसले आहे मी, माणसं फोनवर किती खोटं बोलतात ते मला ठाऊक आहे. कागदावर लिहिताना निदान विचार करावा लागतो. तेव्हा पत्र लिही. भावेश रोज तलासरीहून डहाणूला दुकानात येतो, जाता-येता पोचवील.

तर लॅपटॉप कशाला. माझा भाऊ, म्हणजे तुझा नवरा (आठवण असू दे म्हणून लिहिते), जुलैत हॉस्पिटलमधून घरी आला. तेव्हापासून मी माझं डहाणूचं घर बंद करून इथे तुमच्या घरात राहते आहे. दौलतला सगळं समजतं, पण जीभ उचलत नाही. लिहून सांग म्हणावं, तर उजव्या हाताची बोटं पंपाच्या पट्ट्यात गेली तेव्हापासून तो डाव्याने लिहायचा, आणि या झटक्यात नेमकी डावी बाजू गेली. उरला उजवा अंगठा. मी अक्षरांचा तक्ता करून समोर धरला तर त्याने डोळे मिटून घेतले, जसं काही मी त्याला बालवाडीत घातलंय. मोबाईल दिला, तर जन्मभर चिकूचा चीक लागून त्याचा अंगठा असा झालाय की त्या काचेला तो माणसाचा वाटतच नाही.

तेव्हा भावेश म्हणाला, "आत्या, गेम खेळायचा माऊस घेऊ या. त्याला अंगठ्याखाली बारा बटणं असतात. एकेका बटणावर एकेक वाक्य भरून ठेवतो. काकांनी दाबलं की लॅपटॉप बोलेल."

कल्पना चांगली होती. पण तो माऊस निवडता निवडता माझा जीव गेला. मला स्थळं यायची तेव्हाही मी इतकी चिकित्सा केली नव्हती, आणि ती मी किती केली हे तुला माहीत आहे. पहिला आला तो वायरचा. वायर मच्छरदाणीत अडकली, लॅपटॉप खाली येता येता मी धरला. दुसरा बिनवायरचा, पण बाजूला दोनच बटणं. दोन बटणांत माणूस 'हो' आणि 'नको' एवढंच म्हणणार, तेवढं तो डोळ्यांनी म्हणतोच. तिसऱ्याला बारा होती, पण दौलतचा पंजा वर ठेवला की माऊस दिसेनासा व्हायचा. चौथा परवा आला. खोक्यावर लाल डोळ्यांचा राक्षस. कुरियरवाल्याने विचारलं, "गेम कोण खेळतं, आजी?" मी म्हटलं, "मी." सही घेऊन जाताना त्याने मागे वळून पाहिलं.

हा अंगाने भरपूर मोठा आहे, दौलतचा तळवा वर नीट बसतो. पण त्यात रंगीत दिवे आहेत! जांभळा, मग हिरवा, मग लाल, कुणी न सांगता. संध्याकाळी शेजारच्या हिराबाईने खिडकीतून डोकावून विचारलं, "यंदा गणपती पलंगावर बसवलात का?" भावेशला सांगून आधी ते दिवे बंद करवले. नाहीतरी ते सेल खातात.

वाक्यं माझ्या आवाजात भरली आहेत. एकावर 'ताई, जरा इकडे ये'. मग 'कृपया पाणी द्या', 'कृपया पंखा लावा', अशी अकरा. बारावं सुचलं नाही, ते रिकामं आहे. दाबलं तर बटणाचा नुसता टक असा आवाज येतो. शाळेत सिस्टर आम्हाला शिकवत, मागताना प्लीज म्हटलं की निम्मं काम तिथेच होतं.

तुला बोलवत नाही. विचारलंस म्हणून सांगितलं.

आशीर्वाद. थोडे उरले होते.

निशिगंधा


तलासरी
९ सप्टेंबर २०१७

ती. ताईंस,
सा. नमस्कार.

माझा नवरा कोण ते लिहून कळवलंत, बरं झालं.

तुमची वाक्यं वाचली. ह्यांनी आयुष्यात कुणाला 'कृपया' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. लग्नात भटजींना "आटपा" म्हणाले होते, तुम्ही तिथेच होतात.

ते पाणी मागत नाहीत, तांब्या कोरडा दिसला की ओरडतात. भूक लागली म्हणत नाहीत, "चूल पेटली का?" म्हणतात. दुखतंय असं तर कधीच म्हणणार नाहीत. "उकडतंय" म्हणाले की समजायचं दुखतंय. बोटं गेली त्या दिवशी हॉस्पिटलात पोचेपर्यंत "उकडतंय, उकडतंय" एवढंच चाललं होतं, आणि थंडीचे दिवस होते.

तेव्हा कृपया ते सगळं पुसा आणि हे भरा. "कोण मेलंय तिकडे?" म्हणजे कोण आलं. "चूल पेटली का?" "उकडतंय." "तांब्या कोरडा!" "हा चहा आहे की तोंड धुवायचं पाणी?" "आज किती पेट्या गेल्या?" "देवजी, झोपलास काय रे?" "बंद करा ते," हे टीव्हीसाठी. आणि "ताई, तू जरा गप्प बस." हे शेवटचं मी मनाने घातलेलं नाही. दर रविवारी तुम्ही डहाणूला परत गेलात की ते दाराकडे बघून म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, आता बटणाने होईल.

आवाज मात्र तुमचा नको. तो ह्यांना तुमच्या तोंडून पुरेसा मिळतो.

मयूरी बरी आहे. अच्छाडच्या नाक्यावर ट्रक तुंबले की हॉर्न पार इथपर्यंत ऐकू येतात, झोप होत नाही. ट्रकांमुळेच होत नाही.

हिरकणी


नरपड
२४ सप्टेंबर २०१७

चि. हिरकणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा संतापून आणि एकदा चष्मा लावून.

आधी माझी चूक सांगते, कारण भावेश ती तलासरीभर सांगत फिरणारच आहे. मी मोठ्या अक्षरांत तक्ता काढून पलंगासमोर टांगला होता, कुठल्या बटणावर काय. टेलिफोनवर कसे एक-दोन-तीन आडवे असतात, खाली चार-पाच-सहा, तसा. माझ्या बोटांना दुसरा क्रम माहीतच नाही. या माऊसवर आकडे उभे उतरतात. त्यामुळे दौलत पंखा मागायचा आणि मी त्याच्याखाली भांडं सरकवायची. तो डोळे वटारायचा, मी म्हणायची, "अरे, लाजतोस कसला, मी तुझी मोठी बहीण आहे!" भावेशने येऊन तक्ता बघितला आणि अंगणात जाऊन हसून आला.

मग तुझी वाक्यं. आवाज कुणाचा, हा प्रश्न होता. देवजीला बोलावलं, म्हटलं, "मालकांसारखं ओरडता येईल का?" तो म्हणाला, "कुठला ओरडा, ताय? पंपावरचा का वाडीतला?" म्हणजे हा माणूस इतकी वर्षं तुमच्या वाडीत झाडांची राखण करतोय आणि मालकाची पाठ वळली की गड्यांना मालकाची नक्कल करून दाखवतोय, दोन प्रकारांत! वर हात जोडून म्हणतो, "ताय, मालक मला मारतील." मी म्हटलं, "मारायला उठला तर मी पेढे वाटीन. बोल."

तो छाती काढून उभा राहिला आणि असा ओरडला, "कोण मेलंय तिकडे?" की हिराबाई खरंच कुंपणाशी आली.

संध्याकाळी दौलतचा अंगठा नेऊन त्या बटणावर ठेवला. आवाज आला. तो लॅपटॉपकडे बघत राहिला. पुन्हा दाबलं. मग मान वळेल तेवढी वळवून देवजीकडे पाहिलं. देवजी दारामागे. आणि दौलत हसला, हिरकणी. अर्ध्याच तोंडाने, पण आवाज करून हसला. मी मागच्या अंगणात जाऊन तांदूळ निवडत बसले. ते निवडलेलेच होते.

तेव्हापासून घरात शांतता नाही. सकाळी मी पेपर वाचून दाखवते, अग्रलेख सुरू केला की देवजीचा आवाज येतो, "ताई, तू जरा गप्प बस." तुझ्या कृपेने. एक नंबर मात्र मी माझ्याच आवाजात ठेवला आहे. तो त्याने आजवर दाबलेला नाही.

आणि हा माऊस झोपतो! थोडा वेळ हात लागला नाही तर सेल वाचवायला म्हणून झोपी जातो. मग पहिलं दाबणं त्याला उठवण्यात जातं आणि दुसरं मोजलं जातं. एक्स्चेंजमध्ये अशी एखादी ऑपरेटर असती तर मी तिला मेमो दिला असता.

व्यायाम घ्यायला धर्मेश येतो. तो म्हणतो, "बेन, हवे सारुं छे," म्हणजे आता बरं आहे. मान आता थोडी डावीकडे वळायला लागली. झटका आल्यापासून ती उजवीकडेच ओढलेली होती, डाव्या अंगाला कुणी येऊन बसलं तरी त्याला पत्ता लागायचा नाही. मी पलंग असा लावलाय की दार त्याच्या उजव्या हाताला येईल.

तू हॉस्पिटलातून तासाभरात निघून गेलीस, त्याचं कारण मी विचारलेलं नाही. आजही विचारत नाही.

निशिगंधा


तलासरी
५ ऑक्टोबर २०१७

ती. ताईंस,
सा. नमस्कार.

मान कुठल्या बाजूला ओढलेली होती म्हणालात? उजवीकडेच ना?

मी हॉस्पिटलात खिडकीपाशी बसले होते. ह्यांच्या डाव्या अंगाला. मी "अहो" म्हटलं, दोन-तीनदा म्हटलं. ह्यांनी तोंड भिंतीकडे ठेवलं ते ठेवलं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. जूनमध्ये व्यापारी वाडीत आला होता. मी त्याच्यासमोर म्हटलं की या ओळीतली फळं अजून दोन दिवस झाडावर हवीत. व्यापारी म्हणाला, बाई बरोबर बोलतात. तेच नडलं. ह्यांनी सगळ्या गड्यांसमोर सांगितलं, "आजपासून तुझ्या हातचा चहासुद्धा नको मला." मी हातातला पेला पंपाच्या ओट्यावर ठेवला, घरातून पिशवी घेतली आणि मयूरीकडे आले. तिसऱ्या आठवड्यात झटका आल्याचं कळलं. धावत हॉस्पिटलात आले, तर हे भिंतीकडे बघतायत. मला वाटलं, चहा अजूनही नकोच आहे.

मान वळत नव्हती हे आज कळलं. दिवसभर तेच डोक्यात आहे. पण जीभ चालत होती तेव्हा जे बोलले, ते तर बोललेच ना? मी अशीच येऊन उभी राहिले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, तर दुसऱ्यांदा कुठे जाऊ?

तुम्ही बोलवाल. मयूरी रोजच म्हणते, जा. तुमचं कुणाचं बोलावणं मला नको. त्यांनी बोलवलं तर येईन. बारा बटणं दिली आहेत ना तुम्ही त्यांना.

हिरकणी


नरपड
२७ ऑक्टोबर २०१७

हिरकणी,

माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा चिरंजीव वगैरे समजून घे.

तुला त्याचं बोलावणं हवं. ठीक. मी म्हटलं, देऊ या. पण आधी बाराव्या बटणाचं ऐक, कारण सगळा घोळ तिथून आहे.

बारावं रिकामं आहे हे मी दौलतला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तक्त्यावरही तिथे रेघ मारलेली आहे. तरी हा माणूस माऊस आल्यापासून तेच दाबतो! दोनदा. टक टक. मग दाराकडे बघत बसतो. मग पुन्हा टक टक. विशेषतः दुपारची झोप झाल्यावर, चारच्या सुमारास, मी माझा चहा घेऊन बसते तेव्हा तर हटकून. मी म्हटलं, "दौलत, तिथे काही नाही." टक टक. "अरे, त्यातून कुणी बोलणार नाही." टक टक. मला वाटलं बटण अडकतंय. भावेशला बोलावलं. तो म्हणाला, "आत्या, माऊस झोपलेला असतो, म्हणून काकांना दोनदा दाबायची सवय लागली." सेल बदलले. अंगठा सरकत असेल म्हणून बटणाला खरखरीत पट्टी लावली. तरी तेच. मला त्या आवाजाने वेड लागायची पाळी आली.

तुझं पत्र आलं तेव्हा मी विचार केला, अंगठा बाराव्यावरच जातोय ना, मग तुझं बोलावणं तिथेच ठेवावं. देवजीकडून घेतलं, "हिरकणी, घरी ये." म्हटलं, दौलतने ते दाबलं की तुला तसं कळवायचं. चार वाजले. दौलतने नेहमीसारखं दोनदा दाबलं आणि देवजी दोनदा ओरडला, "हिरकणी, घरी ये. हिरकणी, घरी ये."

दौलतचा चेहरा असा झाला की मी मागे सरकले. त्याने मनगटाने माऊस ढकलून पलंगावरून खाली पाडला. झाकण एकीकडे, सेल पलंगाखाली.

हे तुला कळवू नये असं मयूरीचंही म्हणणं पडलं. पण कागदावर खोटं लिहायचं नाही हा नियम माझाच. तुझं नाव ऐकून तो चिडला. का, ते मला कळत नाही. मला वाटतं, रुसवा अजून गेलेला नाही, आणि यात मी पडायलाच नको होतं.

भावेशने झाकण बसवून वर जखमेची पट्टी चिकटवून दिली. माऊस उत्तम चालतो. माणूस बंद पडलाय. त्या दिवसापासून त्याने एकही बटण दाबलेलं नाही. दिवाळीत मी अनारसे केले, ते बिघडले, मी मुद्दाम त्याच्या तोंडासमोर धरले, तरी शिवी नाही. अग्रलेख पूर्ण वाचला, मागचा-पुढचा. कुणी मला गप्प बस म्हणालं नाही. धर्मेश म्हणतो, असंच राहिलं तर आला तेवढा जोरही जाईल.

तो कशावर चिडलाय तेवढं तरी सांग. तू त्याच्याबरोबर राहिली आहेस. मी फक्त त्याची बहीण आहे.

निशिगंधा


तलासरी
२९ ऑक्टोबर २०१७

ती. ताईंस,

ते वाक्य आधी काढून टाका. बारावं होतं तसं रिकामं करा. आजच.

ह्यांनी मला कधी नावाने हाक मारलेली नाही. तुमचे वडील तरी आईंना 'अगो' म्हणत. हे तेही म्हणत नसत. मी नवी होते तेव्हा सासूबाईंसमोर लाजत, मग तशीच सवय पडली. चारच्या सुमारास पंपाच्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर चिकू उतरवायची काठी दोनदा आपटायचे. टक टक. गड्यांना वाटायचं, काठी झटकतायत. मी चहा घेऊन जायची. ओट्यावर बसून प्यायचे, पेला परत द्यायचे, बोलणं काही नाही. कुणाला सांगण्यासारखं त्यात काय होतं? रविवारी तुम्ही यायचात, तेव्हा काम बंद, त्यामुळे तुमच्या कानावर कधी पडलं नाही.

आणि तुम्ही त्या जागी देवजीला बसवून माझ्या नावाने बोंब मारायला लावलीत! माऊस फेकतील नाहीतर काय करतील?

तुमचं पत्र 'टक टक, मग दाराकडे बघत बसतो' इथपर्यंत वाचलं आणि पिशवी काढली. पुढचं नंतर वाचलं.

ताई, तुमचं यंत्र पहिल्या दिवसापासून नीट चालतंय. बुधवारी दुपारच्या बसने निघते, चारपर्यंत पोचते. आलं आणि चहाची पावडर आणून ठेवा. तुमच्या त्या दोऱ्याला लटकणाऱ्या पुड्या नकोत.

हिरकणी


नरपड
१ नोव्हेंबर २०१७, सकाळ

हिरकणी,

ही चिठ्ठी देवजीपाशी ठेवून मी डहाणूला माझ्या घरी जाते आहे. रागावून नाही. पण दोन बायका एका पलंगाशी उभ्या राहिल्या की त्याने कुणाकडे बघायचं? मान अजून एकाच बाजूला नीट वळते. तू येईपर्यंत हिराबाई बसेल.

माऊसच्या पोटाशी बारीक खटका आहे, रात्री बंद कर. तिथेच एक लाल डोळा आहे, त्यावर मी पट्टी चिकटवली आहे ती काढू नकोस, नाहीतर पडद्यावरचा बाण पळत सुटतो. लॅपटॉपच्या कडेला नखाएवढं काहीतरी खोचलेलं दिसेल. ते हरवलं की बाराच्या बारा बटणं मुकी.

बारावं भावेशने रिकामं केलं. एकावर माझी हाक आहे, ती दौलतने कधी वापरली नाही. पुसून टाक, तिथे काही कामाचं भर.

आलं खिडकीत आहे. माझ्या पुड्या मी घेऊन जाते आहे.

निशिगंधा


नरपड
१२ नोव्हेंबर २०१७

ती. ताईंस,
सा. नमस्कार.

तुम्ही निघून जाल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या मनात पहिलं वाक्य तयार होतं, भांडायचं, ते तसंच राहिलं.

बस उशिरा आली. फाटकातून आत आले तेव्हा चार वाजून गेले होते. देवजी काही बोलायला पुढे झाला, मी त्याला हाताने थांबवलं. घराच्या ओट्यावर उभी राहिले. आतून काही आवाज नाही. मला वाटलं, उशीर झाला. परत वळावं असंही एकदा वाटलं, खोटं कशाला लिहू. मग आलं. टक टक. एवढासा आवाज, ताई, पाल चुकचुकावी तेवढा.

मी आधी खोलीत गेलेच नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. तो घेऊन ह्यांच्या उजव्या अंगाला बसले. ह्यांनी आधी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे मिटले नाहीत. मी चमच्याने पाजला, सगळा प्यायले. मग अंगठा हलला. पहिलं दाबणं माऊसला उठवण्यात गेलं. दुसऱ्याला देवजी ओरडला, "हा चहा आहे की तोंड धुवायचं पाणी?"

मी म्हटलं, "इतके दिवस ताईंच्या हातचं पुड्यांचं प्यायलात, चव कुठून राहणार?"

अर्धं तोंड हसलं. उरलेलं अर्धं मी समजून घेतलं.

त्या जूनमधल्या बोलण्याचं काही झालं नाही. त्यासाठी बटण नाही, आणि असतं तरी त्यांनी दाबलं नसतं. मी तेवढ्यावर भागवते आहे. रोज चारला टक टक होतं, मी जाते.

आता तुमचं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे भावेश एक नंबर पुसायला बसला. तर ह्यांनी तळवा माऊसवर असा दाबून धरला की तो उचलू देईनात. भावेश म्हणाला, "काका, राहू दे, नाही काढत." तेव्हा सोडला. आणि त्याच दिवसापासून सकाळी पेपर येऊन पडला की एक नंबर दाबतात. "ताई, जरा इकडे ये." तुमचा आवाज घरभर! पहिल्या दिवशी देवजी हातातलं काम टाकून आला, ताय आल्या म्हणून. मी पेपर वाचायला घेतला तर "बंद करा ते" दाबलं, जे टीव्हीसाठी आहे.

मी ह्यांना विचारलं, ताई होत्या तेव्हा हे का नाही दाबलंत? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच खुळी. मग माझं मलाच कळलं. तुम्ही सदान्कदा पलंगाशी. समोर बसलेल्या माणसाला कोण हाक मारतं?

तेव्हा या. मी बोलवत नाही, हे बोलवतायत. सेल संपत आले आहेत, इथल्या दुकानातले टिकत नाहीत.

हिरकणी


डहाणू
१४ नोव्हेंबर २०१७

चि. हिरकणी,

आशीर्वाद आधीच देते.

मी माझ्या घरी चार दिवस सुखाने बसावं हे तुम्हा नवराबायकोला बघवत नाही. एकाने माझ्याच आवाजात मला हाका मारायच्या आणि दुसरीने ते पत्रात लिहून कळवायचं! मी एवढा मोठा घसा काढून, स्पष्ट उच्चारात ते वाक्य भरलं, तेव्हा साहेबांनी ढुंकून पाहिलं नाही. आता मी नाही तर रोज सकाळी आठवण.

रविवारी सकाळी येते. राहणार नाही. शनिवारचा आणि रविवारचा असे दोन्ही अग्रलेख वाचून दाखवीन आणि संध्याकाळी परत येईन. चारच्या आधी मी हिराबाईकडे जाऊन बसेन, तुमच्या चहात मला पडायचं नाही. माझ्या पुड्या बरोबर आणते आहे. त्याला म्हणावं, मी पायरी चढतेय तोच 'गप्प बस' दाबलंस तर उलट्या पावली निघून जाईन.

आणि तोपर्यंत उगाच एक नंबर दाबू नको म्हणावं, सेल जातात.

नाही, राहू दे. दाबू दे त्याला. सेल मी आणतेच आहे.

ताई